संगणक बंद पडले तरी वस्ती चालू कशी ठेवायची

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट पाठवलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. विमानं जमिनीवर राहिली, रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, बँकांची कामं अडली. एकूण विंडोज यंत्रांच्या मानानं हा आकडा एक टक्क्याहूनही कमी होता. कंपनीनं ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं. पण बंद पडलेल्या बहुतेक यंत्रांपाशी कोणीतरी जाऊन बसलं, ती सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरते प्रोग्राम घेऊन) सुरू केली, एक फाइल पुसली, तेव्हाच ती पुन्हा उभी राहिली. काही ठिकाणी यात कित्येक दिवस गेले.

वस्ती म्हणून तयारी करायची तर मला याच गोष्टीपासून सुरुवात करावीशी वाटते. यंत्रणा कोसळल्यावर उपयोगी पडतं ते हातानं करता येणारं काम, ते येणारी माणसं आणि कागदावर असलेली माहिती. या तिन्ही गोष्टी फारसा खर्च न करता आधी जमवता येतात.

१. वही घेऊन एक दिवस फिरा

दोघातिघांनी मिळून सकाळपासून रात्रीपर्यंत वस्तीचा दिनक्रम डोळ्यांखालून घाला. टाकीत पाणी कसं चढतं? पंप बटणावर आहे, टायमरवर की अ‍ॅपवर? मुख्य दार कार्डावर उघडतं का? औषधांच्या दुकानात तुमच्या नेहमीच्या गोळ्यांची नोंद कुठे असते? पैसे कसे दिले जातात? प्रत्येक गोष्टीपुढे तीन रकाने आखा: तासभर बंद राहिली तर, दिवसभर राहिली तर, तीन दिवस राहिली तर. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. हे हातानं कसं करायचं आणि ते कोणाला येतं? तो जिथे रिकामा राहील, तिथे तुमचं काम आहे.

एक अवलंबन दुसऱ्यात कसं गुंतलेलं आहे तेही लिहा. मोबाइलच्या मनोऱ्याला वीज लागते आणि त्याच्या बॅटऱ्या सहसा काही तासच पुरतात. पाण्याला पंप, पंपाला वीज. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली. मूळ बिघाड वीजजाळ्यातला होता, पण पाठोपाठ सिग्नल, कार्डाची यंत्रं आणि मोबाइल सगळंच अडलं. सुरुवात कुठूनही होवो, लोकांपर्यंत पोहोचणारा त्रास साधारण सारखाच असतो.

चौथ्या रकान्याचं मोल युक्रेनमध्ये दिसलं. २३ डिसेंबर २०१५ रोजी हल्लेखोर वीज वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरले आणि त्यांनी उपकेंद्रं बंद केली. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. तरीही काही तासांतच वीज परतली, कारण कर्मचारी उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी स्विच हातानं चालू केले. संगणकांची दुरुस्ती पुढे बराच काळ चालली.

२. कागदावर उतरवा

सगळ्या पायऱ्यांपैकी एकच करणार असाल तर ही करा. आपल्याला आज स्वतःच्या मुलांचे फोन नंबरही पाठ नसतात. फोन संपला की माणूस हरवतो.

प्रत्येक घराचं एक पान करा. त्यावर घरातल्यांची नावं, जवळच्या तीन-चार माणसांचे नंबर आणि पत्ते, नेहमीची औषधं (नाव, मात्रा, वेळ), कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचं नाव, रक्तगट. अक्षर मोठं असू द्या. हे पान बॅटरीच्या उजेडात, घाईत आणि कदाचित चष्म्याशिवाय वाचायचं आहे. इंकजेट प्रिंटरची शाई ओलाव्यानं पसरते, पेन्सिलीचं लिहिलेलं टिकतं. वर तारीख टाका. जुनी यादी नसण्याहून वाईट असते, कारण तिच्यावर लोक विश्वास ठेवतात. चुकीची मात्रा लिहिलेलं पान घात करू शकतं. दर सहा महिन्यांनी ते पुन्हा लिहा.

आजाराची माहिती ज्याची त्याची आहे, ती सूचनाफलकावर जाता कामा नये. पान बंद पाकिटात घालून घरातच, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. घरोघरी जायला नेमलेल्या माणसाला इतकंच कळलं तरी पुरे की अमुक घरात वीज गेल्यावर आधी जायचं आहे.

वस्तीसाठी वेगळी वही हवी. पाण्याचा, गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, विजेचा मुख्य स्विच कुठे, कोणती चावी कोणाकडे, जवळचं रुग्णालय आणि अग्निशमन केंद्र कोणत्या रस्त्यानं. हाताने काढलेला नकाशा चालेल. तीन प्रती, तीन वेगवेगळ्या घरांत.

संगणकावरच्या माहितीची प्रतही यंत्रापासून तोडून ठेवा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विषाणूनं मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा साफ केली. कोणता कर्मचारी, कोणतं यंत्र, कोणाला कशाची परवानगी याच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले. वाचला तो घानामधल्या कार्यालयातला एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता. त्याच्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. तेव्हा कायम संगणकाला खोचलेला पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. प्रत घ्या, काढा, कपाटात ठेवा. विंडोज संगणकाची डिस्क बिटलॉकर या सोयीनं कुलूपबंद केली असेल तर ती उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की छापून ठेवा. जुलै २०२४ मध्ये अनेकांना ती हवी होती, आणि काहींच्या बाबतीत ती ज्या सर्व्हरवर होती तोही बंद पडला होता.

३. कोणाचं दार कोण ठोठावणार ते ठरवा

आठ-दहा घरांचा एक गट, प्रत्येक गटाला दोन माणसं. एकच नेमलं तर नेमकं तेच त्या दिवशी बाहेरगावी असतं. एकटे राहणारे वृद्ध, तान्हं बाळ असलेली घरं, चाकाच्या खुर्चीवरची माणसं, ऑक्सिजन यंत्रावर असलेले रुग्ण, भोंगा ऐकू न येणारे, इथली भाषा नीट न येणारे, यांच्याकडे आधी जायचं. पण त्यांच्यासाठी काय करावं हे परस्पर ठरवू नका. त्यांनाच जाऊन विचारा. त्यांना बहुधा स्वतःच्या अडचणी आणि त्यावरचे उपाय आपल्यापेक्षा बरे माहीत असतात.

कोणाला काय येतं याचीही यादी करा: परिचारिका, वायरमन, प्लंबर, हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशयंत्राचा) परवाना असलेली व्यक्ती. आणि संगणक येण्याआधी ज्यांनी दुकान, दवाखाना, कचेरी चालवली ती मंडळी. रजिस्टर कसं आखायचं, पावतीची स्थळप्रत का ठेवायची, दिवसाचा हिशेब कसा जुळवायचा, हे त्यांना येतं. त्यांच्याकडून तरुणांनी दोन तास शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. हे ज्ञान अजून आपल्यात आहे तोवरच ते घेता येईल.

कोणी म्हणेल, २००० साल उजाडताच संगणक कोलमडतील अशीही भीती घातली होती, काय झालं? फार काही झालं नाही, कारण वर्ष दोन अंकांत लिहिणाऱ्या प्रणाली लोकांनी वर्षानुवर्षं खपून आधी दुरुस्त केल्या होत्या. पुढची तशी तारीखही माहीत आहे. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रणालींचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाईल.

४. निरोपाची व्यवस्था लावा

फोन बंद असताना लोक सैरभैर होतात ते बातमी न कळल्यामुळे. म्हणून एक जागा आणि दोन वेळा आजच ठरवा. उदाहरणार्थ, प्रवेशद्वाराजवळचा फळा, सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा. गटातल्या दोघांपैकी एकानं तिथे यायचं, ऐकायचं, आणि घरोघरी सांगायचं. फळ्यावरच्या प्रत्येक निरोपाला तीन गोष्टी हव्यात: वेळ, कोणी सांगितलं, आणि खात्री केली आहे की नुसतं ऐकलं आहे. ही तिसरी गोष्ट पाळली तर निम्म्या अफवा फळ्यापर्यंतच थांबतील. जुना निरोप पुसा. कालचा "पाणी येणार आहे" आज घोटाळा करतो.

बॅटरीवरचा एक साधा रेडिओ प्रत्येक गटात हवाच. मोबाइलचं जाळं चालू पण तुंबलेलं असेल तर बोलण्यापेक्षा साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त. एका गटात निदान दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असू द्या. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या एकाच कंपनीचं जाळं कोसळलं, तर सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा गेली, अनेकांना आपत्कालीन ९११ लागेना, आणि देशभरात डेबिट कार्डानं पैसे देणं अडलं. मदतीचा क्रमांक लागलाच नाही तर रुग्णालयात कोण, कोणत्या वाहनानं निरोप नेणार, हे नाव घालून लिहा. वॉकीटॉकी घेणार असाल तर तिचे नियम पाहा आणि ती भिंतींमधून खरोखर किती अंतर पोहोचते ते आधीच तपासा. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं.

५. घरातला साठा

युरोपीय संघानं मार्च २०२५ मध्ये नागरिकांना किमान ७२ तास पुरेल इतकी तयारी ठेवायला सांगितलं. सुरुवातीला तेवढंच गाठा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दररोज चार लिटर पाणी धरा. न शिजवता खाता येईल असं अन्न, बॅटऱ्या, भरलेली पॉवर बँक. मेणबत्तीऐवजी टॉर्च. बंद फ्रिज चार तासांच्या आसपास थंड राहतो, म्हणून तो उगाच उघडू नका.

औषधांच्या बाबतीत मात्र तीन दिवसांवर थांबू नका. दुकानातली नोंद संगणकावर अडकली तर गोळ्या समोर असूनही मिळत नाहीत. नेहमीची औषधं संपायच्या आठवडाभर आधी आणायची सवय लावा आणि चिठ्ठीची कागदी प्रत ठेवा. इन्सुलिन फ्रिजबाहेर किती दिवस टिकतं हे प्रकाराप्रमाणे बदलतं, डॉक्टरांना विचारून पाकिटावरच लिहा. ऑक्सिजन यंत्र वापरणाऱ्यांकडे भरलेला सिलिंडर हवा आणि तो जोडायला येणारं दुसरं माणूस हवं.

जनरेटर घरात, गच्चीच्या बंद खोलीत किंवा जिन्याखाली कधीही चालवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो.

६. पैसे आणि दारं

थोडी रोकड ठेवा, लहान नोटांत. मोठी नोट घेऊन गेलात आणि सुटे नसतील तर व्यवहार अडतोच. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा: यंत्र बंद असेल तर वहीत लिहून माल देणार का? ओळखीच्या गिऱ्हाइकाला बहुतेक जण देतील. नंतर ते पैसे न विसरता चुकते करा.

कार्डावर किंवा अ‍ॅपवर उघडणाऱ्या प्रत्येक दाराला लोखंडी चावी आहे का, आणि ती लागते का, हे चावी फिरवूनच पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हा कर्मचाऱ्यांना स्वतःच्याच इमारतींत शिरायला अडचण आली. लिफ्टमध्ये अडकलेल्याला बाहेर काढणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम आहे, त्याचा पत्ता वहीत हवा.

७. रंगीत तालीम करा

एका सुट्टीच्या दिवशी तीन तास ठरवून घ्या. फोन बाजूला, कार्डं बंद. फळ्यावर एक निरोप लिहा आणि तो शेवटच्या घरापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, वाटेत त्याचं काय होतं, ते पाहा. पंप हातानं चालू करा. एकाला रुग्णालयापर्यंत नकाशावरून जायला सांगा. तालीम फसली तर बरंच झालं. काय शिकायचं राहिलंय ते कळतं. मुलांना निरोप्याचं काम द्या, ती ते जीव लावून करतात.

८. तो दिवस आला तर

आधी बिघाड फक्त आपल्याकडे आहे की सगळीकडे, हे शेजारी आणि रेडिओवरून कळून घ्या. बंद यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. वही काढा, वेळ लिहा, ठरलेली दारं ठोठवा. पैसे काढायला धावू नका. रांगेत गेलेला तास पाणी भरायला वापरा.

यंत्रणा परत येऊ लागली की सगळं एकदम जोडू नका. या वेळी फसवणारेही जागे असतात. जुलै २०२४ च्या बिघाडानंतर काही तासांतच दुरुस्ती करून देतो असं सांगणाऱ्या खोट्या संकेतस्थळांचं आणि मेलचं पेव फुटलं होतं. आलेल्या दुव्यावर टिचकी मारू नका, क्रमांक आपल्या कागदावरचाच वापरा. कागदी नोंदी संगणकात भरताना एकानं वाचावं, दुसऱ्यानं टंकावं, आणि हिशेब जुळेपर्यंत कागद फाडू नये.

दोन दिवसांनी गटांच्या माणसांना एकत्र बोलवा. ज्या दारापर्यंत कोणीच पोहोचलं नाही ते घर कोणतं, हे आधी विचारा. पुढच्या वेळी तिथे कोण जाणार, त्यांची दोन नावं उठण्यापूर्वी वहीत लिहा.