घनता मोजायला बसण्याआधी काय काय तयार ठेवायचं

घनतेचं सूत्र पाठ झालं की वाटतं कळलं आपल्याला, पण खिळे हातात घेऊन स्वतः पाण्यात सोडल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही, निदान माझ्या तरी बसलं नव्हतं. म्हणून सांगते, एखाद्या दिवशी दोन तास काढा, मुलांना घेऊन बसा आणि खरंच मोजून बघा. त्याला काय काय तयारी लागते ते इथं लिहितेय.

आधी डोक्याची तयारी. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे, ते आपण ग्रॅममध्ये घेणार. आकारमान म्हणजे वस्तूने जागा किती अडवलीय, ते सीसी म्हणजे घन सेंटीमीटरमध्ये, आणि एक सीसी म्हणजेच एक मिली हे पक्कं करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी पोरं गोंधळतात. आणि घनता म्हणजे त्या पदार्थाच्या एका सीसीत किती ग्रॅम भरतात, बास एवढंच. तो सूत्राचा त्रिकोण काढून देतात ना, वर वस्तुमान, खाली घनता आणि आकारमान, हवं ते झाकायचं, मला तो अजिबात पटत नाही, त्यावर बोट झाकून उत्तर येतं पण समजत काहीच नाही. त्यापेक्षा असं विचारा की ॲल्युमिनियमच्या एका सीसीत 2.7 ग्रॅम असतात, मग 200 ग्रॅमचा तुकडा किती जागा घेईल? मूल आपणहून 200 ला 2.7 ने भागतं आणि 74 सीसी सांगतं, त्रिकोणाची आठवणसुद्धा येत नाही त्याला.

आता सामान. डिजिटल वजनकाटा, शक्यतो 0.1 ग्रॅम दाखवणारा. 100 मिलीचं मोजपात्र, तेही उंच आणि अरुंद, बीकर नको कारण बीकरवरच्या खुणा अंदाजे असतात. बारीक दोरा, कोरडं फडकं, पाणी, वही-पेन. मोजायला लोखंडाचे खिळे भरपूर घ्या, एक ॲल्युमिनियमचा तुकडा, एक मेणबत्तीचा तुकडा. मीठ-साखर विरघळते म्हणून नको, आणि वीट किंवा खडू पाणी पितो, बुडवला की बुडबुडे सुटायला लागतात आणि आकारमान चुकतं.

खिळे भरपूर का, तर इथेच सगळ्यांची चूक होते म्हणून जरा नीट सांगते. एकच छोटा खिळा टाकला तर पाणी इतकं कमी चढतं की वाचताच येत नाही. समजा मूठभर खिळे घेतले, वजन भरलं 47.2 ग्रॅम आणि पाणी 50 वरून 56 वर गेलं, म्हणजे खिळ्यांनी 6 सीसी जागा अडवली, 47.2 भागिले 6 म्हणजे 7.87, लोखंडाची घनता पुस्तकात असते तीच. आता वाचताना फक्त एक मिली इकडेतिकडे झाली, 5 धरली तर 9.44 येतं आणि 7 धरली तर 6.74. वजन अगदी बरोबर आहे तरी उत्तर कुठच्या कुठे गेलं! जास्त खिळे घेऊन पाणी 20 मिलीने चढवलं तर तीच एक मिलीची चूक फार जाणवत नाही.

क्रम पण आधीच ठरवून ठेवा. वजन आधी, पाणी नंतर. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं, ओले खिळे काट्यावर ठेवले आणि खिळ्यांबरोबर पाण्याचंही वजन मोजत बसले, आकडा जुळेना म्हणून अर्धा तास काटाच तपासत होते. पाणी वाचताना डोळे पाण्याच्या पातळीला आणा, काचेजवळ पाणी जरा वर चढलेलं दिसतं ते धरायचं नाही, मधला खोलगट भाग कुठल्या रेषेला टेकतोय ते बघायचं. खिळे सोडताना मोजपात्र तिरकं धरून हळूच घसरवा, पाणी उडालं की गेलं. आणि खिळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, मोजपात्राला बोटाने टिचक्या मारल्या की ते वर येतात, ते सगळे निघाल्यावरच आकडा लिहा.

मेण तरंगतं, त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण 0.9. ते बारीक सुईने पूर्ण पाण्याखाली दाबून मग पातळी वाचा. आणि मोजून झाल्यावर तोच मेणाचा तुकडा मधून कापायला लावा आणि अर्ध्याची घनता विचारा. बरीच मुलं पटकन 0.45 म्हणतात. लगेच चूक म्हणू नका, मोजू द्या. वजन अर्धं झालं, जागाही अर्धी झाली, आकडा तोच राहिला, हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसलं पाहिजे.

आलेखाचा कागद असेल तर फारच छान. खिळ्यांचे लहान-मोठे चार-पाच गट करा, आडव्या अक्षावर आकारमान, उभ्यावर वस्तुमान, बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेचा चढ म्हणजेच लोखंडाची घनता. ॲल्युमिनियमची रेष त्याच कागदावर काढली तर ती बरीच आडवी झोपलेली दिसते. रेष शून्यातून जात नसेल तर काटा शून्यावर आहे का ते आधी बघा.

एककाचं लवकर उरकते. एका घनमीटरमध्ये 10 लाख सीसी आणि एका किलोत 1000 ग्रॅम, म्हणून सीसीतल्या आकड्याला 1000 ने गुणायचं, पाणी 1000 किलो प्रति घनमीटर, ॲल्युमिनियम 2700. हवेची घनता साधारण 1.2 किलो प्रति घनमीटर, त्यामुळे 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 3 मीटर उंच खोलीत जवळजवळ 43 किलो हवा असते, हे ऐकून माझ्याकडची मुलं छताकडे बघत राहिली होती.

फ्रीजर असेल तर आदल्या रात्रीच अर्ध्या भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवर पाण्याच्या पातळीला पेनाने खूण करून उभी ठेवून द्या, काचेची नको आणि काठोकाठ तर मुळीच नको. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के जास्त जागा घेतं, बर्फाची घनता 0.917 होते. सकाळी बर्फ खुणेच्या वर गेलेला असेल, वजन मात्र तेवढंच भरेल, म्हणून रात्री ठेवताना बाटलीचं वजन लिहून ठेवायला विसरू नका, आणि सकाळी बाहेरून जमलेलं दव पुसूनच काट्यावर ठेवा.