पालेभाजीचा कुरकुरीत खाऊ : तयारीची यादी

मागच्या वेळी पालक आणि केल (कोबीच्या कुळातली कुरळ्या पानांची भाजी) यांची पाने ओव्हनमध्ये भाजून खाऊ करायचा घाट घातला, तेव्हा पाने ताजी होती, तेल बेताचे होते, ओव्हनही आधी तापवलेला होता. तरीही शेवटी ट्रेवर उरला तो कडेने करपलेला, मधोमध गिळगिळीत आणि कागदाला घट्ट चिकटलेला एक हिरवा थर. चूक एकच झाली होती. पाने धुतल्यावर मी ती चाळणीत नुसती निथळत ठेवली, कोरडी केली नाहीत. या यादीत कोरडे करण्याचे काम पुन्हा पुन्हा येईल, त्याला माझा इलाज नाही.

पाने ताजी असावीत हे सांगायला नको. केलची पाने जाड असल्याने नवख्या माणसाने तिथून सुरुवात करावी; पालक लवकर आक्रसतो आणि लवकर करपतो, म्हणून दोन्ही एकाच ट्रेवर घालू नयेत. केलचा मधला जाड देठ काढून टाकावा, कारण पान करपायला लागते तरी तो चिवटच राहतो. तुकडे तळहाताच्या निम्म्याएवढे ठेवावेत, कारण भाजल्यावर त्यांचा आकार बराच घटतो.

पाने आदल्या रात्री धुवावीत, म्हणजे कोरडी व्हायला वेळ मिळतो. माती जाईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलावे, मग पाने झटकून जाड सुती कापडावर एकेरी पसरावीत, वरून दुसरे कापड दाबावे आणि तासभर पंख्याखाली ठेवावीत. केलच्या कुरळ्या कडांमध्ये पाणी दडून बसते. वरून पान कोरडे ठणठणीत दिसते, पण कड बोटांनी उलगडली की आत थेंब सापडतो. म्हणून टिपकागदाचा तुकडा त्या कडेत दाबून पाहावा. कागदावर डाग उमटला तर पान ओले आहे, मग डोळ्यांना काहीही दिसो. पालकाच्या वजनात सुमारे ९१ टक्के पाणीच असते आणि ते घालवतानाच ओव्हनची दमछाक होते. त्यात नळाच्या पाण्याची भर कशाला? पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत पानाचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे चढत नाही, म्हणजे ओव्हनचा आकडा काहीही सांगत असला तरी आत पाने भाजली जात नसून वाफवली जात असतात.

रात्री पाने कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली असतील, तर सकाळी बाहेर काढल्याबरोबर तेल लावू नये. थंड पानांवर हवेतले बाष्प जमते, त्यामुळे ती पुन्हा टिपावी लागतात. होय, पुन्हा.

दोनशे ग्रॅम पानांना एक मोठा चमचा तेल पुरते. ते ओतून चालत नाही, बोटांनी प्रत्येक पानाला चोळावे लागते. ओल्या पानावरून तेल घसरून तळाशी साचते, हाही कोरडेपणाचा एक पुरावाच समजावा. तेल अजिबात वगळू नये, कारण पानांतले बीटा-कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व शरीरात शोषले जायला स्निग्ध पदार्थाची जोड लागते. के जीवनसत्त्व रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरीन या औषधाचा परिणाम कमी करते, म्हणून ते घेणाऱ्यांनी मात्र आहारातली पालेभाजी एकाएकी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि ज्यांना ऑक्सलेटचे (पालकात भरपूर असलेल्या एका क्षाराचे) मुतखडे होतात त्यांनी पालकाच्या बाबतीत तसेच करावे. मीठ भाजल्यानंतर घालावे; आधी घातले तर ते पानातले पाणी बाहेर ओढते आणि सगळी मेहनत वाया जाते.

ओव्हन १५० अंश सेल्सिअसला तापवावा, ट्रेवर पाने एकमेकांवर न चढवता मांडावीत. केलला १५ ते २० मिनिटे, पालकाला त्याहून कमी; आठव्या मिनिटापासून दारापाशीच उभे राहावे, कारण हिरवी पाने तपकिरी आणि कडू व्हायला फार वेळ लागत नाही. एअर फ्रायर असेल तर पानांवर जाळी ठेवावी, नाहीतर ती उडून तापलेल्या कॉइलला चिकटतात.

मीठ चिमूटभर. ट्रेवरच गार होऊ द्यावीत. गरम पाने डब्यात भरली तर वाफ धरते, म्हणजे परत पाणीच. त्याच दिवशी संपवावीत.