यादीत न दिसणारे विमान
मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० या विमान उडवण्याच्या संगणकीय खेळात नव्याने घेतलेले अ‍ॅड-ऑन (बाहेरून जोडायचे) विमान यादीत येत नव्हते. झिप उलगडताना एकाच नावाची दोन फोल्डर एकात एक तयार झाली होती. कम्युनिटी या अ‍ॅड-ऑन ठेवण्याच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या फोल्डरच्या (म्हणजे पॅकेजच्या) थेट आतच मॅनिफेस्ट आणि लेआउट या दोन जेसन (JSON, साध्या मजकुरात माहिती नोंदवणाऱ्या) फाइली असाव्या लागतात, म्हणून आतले फोल्डर बाहेर काढताच विमान दिसले. विमानासाठी वेगळ्याने घेतलेल्या रंगसंगतीचे दुखणे मात्र चिवट निघाले; ती विमानावर उमटतच नव्हती. लेआउट फाइलीत पॅकेजमधील फाइलींचे मार्ग व आकार नोंदलेले असतात आणि जिची तेथे नोंद नाही, ती फाइल डिस्कवर डोळ्यांसमोर असूनही सिम्युलेटरच्या लेखी नसतेच. (सोबतच्या माहितीपत्रकात याचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले.) रंगसंगतीच्या टेक्स्चर फाइलींच्या (विमानाच्या पृष्ठभागावर चढणाऱ्या चित्रांच्या) नोंदी लेआउट फाइलीत घालून सिम्युलेटर पुन्हा सुरू केल्यावर रंग उमटले.