कॅनॅबिनॉइडवर पीएचडी करायची आहे? गर्भारपण आणि म्हातारपण यांवर काम करताना जे कळलं ते

एम.फार्म.ची मुलं विचारतात, कॅनॅबिनॉइडवर, म्हणजे गांजातल्या टीएचसीसारख्या आणि शरीरात बनणाऱ्या तशाच संयुगांवर, संशोधन करावं का? जरूर करा. फक्त 'गांजा चांगला की वाईट' याचं उत्तर शोधायला येऊ नका. इथला खरा प्रश्न आहे, डोस किती आणि शरीर कोणत्या टप्प्यावर आहे?

टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या मुख्य घटकाची, रचना १९६४ साली इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांनी उलगडली. ते मेंदूत पेशींवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतं त्या सीबी१ रिसेप्टरचं जनुक १९९० मध्ये वेगळं काढलं गेलं (क्लोन झालं). त्याच रिसेप्टरवर बसणारं, शरीर स्वतःच बनवतं ते आनंदामाइड १९९२ मध्ये सापडलं.

मी या विषयाकडे वळले ती भ्रूण रुजण्यावर काम करणारे संशोधक सुधांशु डे यांच्या गटाचे पेपर वाचून. उंदराच्या गर्भाशयात भ्रूण जिथे रुजतो तिथे आनंदामाइड कमी असतं, मधल्या जागांत जास्त. कमी प्रमाणात ते भ्रूणाला रुजायला तयार करतं, प्रमाण वाढलं की अडवतं. सीबी१ अजिबात नसेल तर काही भ्रूण बीजवाहिनीतच अडकतात, म्हणजे पुरतं बंद करूनही चालत नाही. आनंदामाइड मोडायला शरीरात एफएएएच नावाचं एन्झाइम आहे. टीएचसी त्याच्या हाती लागत नाही, ते यकृतातून सावकाश निकाली निघतं, आणि तोवर वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. अंगावरच्या दुधातही उतरतं. अमेरिकेत काही गर्भवती उलट्या थांबाव्यात म्हणून गांजा घेतात. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना घेऊ नका असंच सांगते. कुणी मैत्रिणीनं विचारलं तर मीही तेच सांगते, आणि उलट्यांसाठी डॉक्टरकडे पाठवते. तो त्रास खरा असतो, त्याला हसण्यावारी नेऊ नये.

आता दुसरं टोक, म्हातारपण. २०१७ मध्ये जर्मनीतल्या बॉनमध्ये आंद्रेआस झिमर यांच्या गटानं १२ आणि १८ महिन्यांच्या उंदरांना २८ दिवस अगदी कमी डोसमध्ये टीएचसी दिलं. म्हाताऱ्या उंदरांची शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली; दोन महिन्यांच्या तरुण उंदरांची त्याच डोसनं खालावली. हा पेपर नीट वाचा, आकृत्यांसकट. मात्र त्याच्या जोरावर घरच्या आजोबांना गांजाचं कुठलं तेल सुचवू नका. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कॅनॅबिनॉइडमुळे त्याचा परिणाम वाढू शकतो.

हाताच्या कामाबद्दल थोडं. टीएचसी पाण्यात विरघळत नाही आणि प्लास्टिकला चिकटतं. काचेची भांडी वापरा, नाहीतर प्राण्यापर्यंत किती पोचलं हे सांगता येणार नाही. ज्यात औषध मिसळलं तो द्राव एकटा दिलेला गट हवाच. गर्भारपणाचे प्रयोग करताना मादीत प्लग (समागमानंतर योनीत तयार होणारा घट्ट गोळा) दिसतो का हे सकाळी लवकर पाहावं लागतं. काही प्रयोगशाळा त्या दिवसाला गर्भारपणाचा पहिला दिवस म्हणतात, काही अर्धा (०.५). दोन पेपरांची तुलना करण्याआधी हे तपासा, कारण भ्रूण रुजण्याच्या वेळी काही तासांचाही फरक पडतो. म्हाताऱ्या उंदरांचं गणित वेगळं: ते वाढवायला दीड वर्ष जातं, वाटेत काही मरतात, काहींना गाठी होतात. त्यामुळे गट सुरुवातीपासूनच मोठा धरा आणि फेलोशिपची मुदत आधी पाहा.

भारतात राहून करणार असाल तर विषय ठरवण्याआधी गाइडशी कागदपत्रांबद्दल बोला. प्राणीगृहाची सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती) नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते. गांजा-चरस १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, त्यामुळे शुद्ध टीएचसी आणायचं तर परवानगीचा प्रश्न आहेच. ती मिळण्यासारखी नसेल तर एफएएएच थांबवणाऱ्या यूआरबी५९७ सारख्या संयुगावर विषय बांधा. त्यात शरीराचं स्वतःचं आनंदामाइड वाढतं आणि प्रश्न तितकाच खोल राहतो. प्रजनन जीवशास्त्राचा पाया कच्चा वाटत असेल तर मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत काय शिकायला मिळतं याची चौकशी करा. फार्मसीत आपल्याला गर्भाशयाबद्दल फार थोडं शिकवतात, आणि या विषयात नेमकं तेच आधी लागतं.