पुढे पाठ, मागे सपाट: शिकवताना या चुका टाळा

"अरे, परवाच तर शिकवलं होतं!" शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य रोज कुणीतरी म्हणतंच. मीही कित्येक वर्षं म्हणत आले. बडोद्यात गुजराती माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते, आणि संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आसपासची मराठी मुलं अभ्यासाला येतात. दोन्हीकडे दुखणं एकच: मुलांना त्या वेळी समजतं, पण महिन्याभराने पाटी कोरी. हे का होतं आणि आपण शिकवणारे त्यात कुठे चुकतो, ते अनुभवातून सांगते.

चूक पहिली: प्रयोग रंगला म्हणजे धडा राहिला असं समजणं

सातवीला आम्ल आणि आम्लारी शिकवत होते. हळदीत रंगवलेला कागद साबणाच्या पाण्यात बुडवला आणि तो लालभडक झाला. मागच्या बाकावरची मुलं उभी राहून बघत होती. मला वाटलं, हा तास काही मुलं विसरायची नाहीत. तीन आठवड्यांनी विचारलं, "हाच कागद लिंबाच्या रसात बुडवला तर?" निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर होतं: लाल.

मुलं तास विसरली नव्हती. लाल रंग त्यांना चांगलाच आठवत होता, कारण त्या तासात त्यांनी विचार केला तो रंगाचा. आम्लारीचा विचार माझ्या डोक्यात चालला होता, त्यांच्या नाही. आणि डोकं ज्यावर चालतं तेच मागे उरतं.

आता मी कागद हातात धरून थांबते. समोर वाट्या: लिंबाचा रस, साखरेचं पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी, चुन्याची निवळी. कागद बुडवण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, काय होईल आणि का. मग बुडवायचं. सोडा आणि चुना लाल करतात. लिंबू आणि साखर दोन्हीत कागद पिवळाच राहतो. इथे एखादं मूल विचारतंच, "बेन (गुजरातीत बाईंना असंच म्हणतात), मग साखर पण आम्ल?" हा प्रश्न मुलांकडून आला की अर्धं काम झालं. हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि साखरेसारखे उदासीन, म्हणजे ना आम्ल ना आम्लारी असे पदार्थ यांत तिला फरक करता येत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस घ्यायचा. आम्लात तो गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. असा झालेला तास दिवाळीनंतरही मुलांना कारणासकट आठवतो.

चूक दुसरी: "समजलं का?" विचारून पुढे जाणं

वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो आणि आपण पान उलटतो. त्या "हो"चा अर्थ एवढाच की आत्ता फळ्यावर दिसतंय ते ओळखीचं वाटतंय. ओळखीचं वाटणं आणि स्वतःहून आठवणं यांत फार अंतर आहे. फळा पुसा आणि मग विचारा.

याच चुकीचं मोठं भावंड म्हणजे उजळणी शिक्षकानेच करणं. परीक्षेआधी आपण सगळा धडा पुन्हा घडाघडा सांगतो. त्यात उजळणी होते ती आपली. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग मला इथे फार मोलाचा वाटतो. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि नंतर न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आपल्याला फसवतात ती नेमकी ती पहिली पाच मिनिटं.

म्हणून माझ्या वर्गात उजळणी म्हणजे कोरा कागद. पुस्तक बंद, चार मिनिटं, आठवेल ते लिहा. मग शेजाऱ्याशी ताडून बघा, शेवटी पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरा. या कागदाला गुण द्यायचे नाहीत, हे पक्कं. शाळेच्या चाचण्यांना आहेत तेवढे गुण पुरेत. इथे गुण आले की मुलं आठवायचं सोडून शेजारच्या वहीत डोकावतात.

चूक तिसरी: धडा संपला की कायमचा मिटवणं

जूनमधला धडा जुलैत बंद होतो तो थेट परीक्षेतच उघडतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने होतं. अर्थहीन अक्षरांची जी यादी पक्की करायला त्याला एका दिवशी ६८ वेळा घोकावं लागलं, तशाच यादीचं घोकणं तीन दिवसांत वाटल्यावर ३८ वेळांत भागलं.

आपल्या घरांत हे ज्ञान परवच्याच्या, म्हणजे रोज संध्याकाळी पाढे म्हणण्याच्या रूपात होतंच. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेलं; माझी आजी त्यामुळेच शाळेत जाऊ शकली. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की ती आम्हाला पाढे म्हणायला बसवायची, आणि स्वतः पावकी, निमकी, पाउणकी म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे म्हणायची. पुस्तक नाही, रोज थोडं, आणि कालचं आज पुन्हा. परवच्याची ताकद या तीन गोष्टींत आहे.

त्यातली उणीवही सांगायला हवी. माझ्याकडच्या एका मुलीला "साता आठे?" विचारलं की ती "सात एके सात"पासून बोटं मोडत वर चढायची. पाढा तिला गाण्यासारखा येत होता, मधला एकच आकडा उचलता येत नव्हता. आम्ही पाढा आधी ओळीने म्हणायचा आणि लगेच उलटसुलट विचारायचा असा नेम केला. श्रावण संपेपर्यंत तिची बोटं थांबली.

चूक चौथी: एकाच जातीची गणितं एका दमात

परिमितीची वीस गणितं, मग क्षेत्रफळाची वीस. वही सुंदर दिसते, सगळी बरोबर. पण मुलाने त्यात निवड केलेलीच नसते. वर मथळा "परिमिती" आहे म्हणून तो चारी बाजू मिळवत जातो. डग रोरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हेच पाहिलं. सरावात एकेक प्रकार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत उलटं झालं: एकेक प्रकारवाले २० टक्के, मिसळणारे ६३. नवा प्रकार शिकवताना चार-पाच गणितं सलग द्या, ते गरजेचंच आहे. त्यानंतर मिसळा, आणि सुरुवातीला चुका वाढल्या तर घाबरून मागे फिरू नका. पालक विचारतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

करून बघताना अडलं तर

कागद कोराच राहतो? मग वेळ फार लोटला आहे किंवा प्रश्न फार मोठा आहे. "पचनसंस्था लिहा" असं न म्हणता "घास तोंडातून निघाला, पुढे कुठे गेला?" असं विचारा. तरी अडलं तर पहिलं अक्षर द्या, पण उत्तर देऊ नका.

चुकीचंच पक्कं होतंय? मग बरोबर उत्तर त्याच तासात दाखवलं गेलेलं नाही. आठवून झालं की पडताळणी लगेच हवी.

हात वर करणारी तीच पाच मुलं? सगळ्यांच्या हातात छोट्या पाट्या द्या. प्रश्न विचारून दहापर्यंत मनात मोजा, मग "पाटी वर!" पस्तीस उत्तरं एका नजरेत दिसतात, आणि लाजरं मूलही सुटत नाही.

शब्द पाठ, अर्थ गायब? घरी येणाऱ्या मराठी मुलांत हे मला फार दिसतं. गुजराती व्याख्या ती तोंडपाठ म्हणतात. मी म्हणते, "आता आजीला सांगतोयस असं मराठीत सांग." जिथे अडखळतं, तिथेच समजायचं राहिलेलं असतं.

नवरात्रात काहीच टिकत नाही? आपल्या गावात त्या नऊ रात्री मुलं मध्यरात्रीपर्यंत गरब्यात असतात, आणि दिवसभर शिकलेलं मनात बसायला पुरेशी झोप हवी असते. त्या दिवसांत मी नवा धडा काढतच नाही. जूनपासूनच्या धड्यांवरच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या डब्यात घालते आणि मुलांना काढायला लावते.

अभ्यासक्रम पुरा होणार नाही, ही भीती मलाही होती. मी तासाची पहिली पाच मिनिटंच घेतली. फळ्यावर तीन प्रश्न: एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. हजेरी घेईपर्यंत मुलं उत्तरं लिहून मोकळी होतात, आणि नवा धडा सुरू करताना मागचं सगळं पुन्हा सांगण्यात जाणारा वेळ वाचतो.