टोमॅटोचं बूड काळं पडतंय? बाटली घेण्याआधी पाण्याची वेळ बघा

पाऊस ओसरला की मुंबईत ऊन एकदम अंगावर येतं. या दिवसांत सकाळचं पाणी चुकवू नका. गोराईच्या वाड्यांत आणि मुलुंडच्या गच्च्यांवर दरवर्षी तेच बघतो: टोमॅटो लिंबाएवढा झाला की बुडाशी पाणचट डाग, चार दिवसांत तो काळा, चामड्यासारखा. मग दुकानदार कॅल्शियमची महागडी बाटली देतो.

गेल्या ऑक्टोबरात भांडुपच्या एका गच्चीवर ती बाटली तीनदा मारून झाली होती. कुंडी उपटून पाहिली. वरची दोन बोटं माती ओली, खाली राखेसारखी कोरडी.

हा डाग फळाला कॅल्शियम कमी पडल्याचा. कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबरच वर चढतं आणि पानात बसलं की तिथून फळाकडे जवळजवळ वळतच नाही. पाणी वर खेचलं जातं पानांच्या रंध्रांमुळे, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांमुळे. सकाळच्या उजेडातला निळा भाग रंध्राच्या कडेच्या दोन पेशींना जागं करतो. त्यांत पोटॅश शिरतं, मागोमाग पाणी; पेशी फुगतात, रंध्र उघडतं. मुळाशी ओल नसली की झाड ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक बनवतं, त्याच पेशींत कॅल्शियम वाढतं, पोटॅश आणि पाणी बाहेर पडतं, रंध्र मिटतं. रंध्र मिटायची वर्दी कॅल्शियमच देतं, आणि मुळाशी ओल नसली की फळाकडे जाणारं कॅल्शियमही अडतं.

म्हणून पाणी सकाळी सातच्या आत, कुंडीच्या तळातून झिरपेपर्यंत. एक दिवस चिखल, दोन दिवस कोरडं, यानंच फळं जातात.

माझा अंदाज: साडेनऊला पानाला पालथा हात लावा. गार लागलं तर रंध्रं उघडी आहेत. कोमट लागलं तर पाणी कमी पडलंय.

फवारायचंच तर कॅल्शियम नायट्रेट, लिटरला ५ ग्रॅम, फळं लहान असताना, उन्हं चढण्याआधी, थेट फळांवर. सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतात मिसळू नका, साका बसतो. काळं पडलेलं फळ सुधारत नाही.

बाकीची कामं:
- काळी फळं तोडणे
- युरिया बंद
- पाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन
- कुंडीची भोकं मोकळी करणे

अंड्याची टरफलं टाकत असाल तर टाका, पण ती या हंगामात कामाला येत नाहीत, फार सावकाश विरघळतात.

नळाला पाणी संध्याकाळीच येत असेल तर बादल्या भरून ठेवा आणि सकाळी उठल्या उठल्या आधी कुंड्यांना घाला.