मायक्रोबायोमच्या संशोधनात उतरताना: सिक्वेन्सरच्या आधीचं काम

आतड्यातल्या जिवाणूंच्या वस्तीवर, म्हणजे मायक्रोबायोमवर, काम करायला येणारे बहुतेक विद्यार्थी आधी सिक्वेन्सिंगबद्दल, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्याबद्दल, विचारतात. कोणतं मशीन, किती रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे), कोणतं सॉफ्टवेअर? हे सगळं शिकता येतं आणि त्याला फार वेळही लागत नाही. पण नमुना मशीनवर चढतो तोवर निकालाचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. नमुना किती वेळ बाहेर राहिला, पेशी कशा फोडल्या, सोबत ब्लँक (नमुना न घालता चालवलेल्या रिकाम्या नळ्या) चालवले का, यावर निकाल ठरतो. म्हणून पहिले काही महिने कॉम्प्युटरपेक्षा प्रयोगशाळेच्या बेंचवर जास्त घालवा.

विष्ठेचा नमुना शरीराबाहेर आला तरी त्यातले जिवाणू जिवंतच असतात. खोलीच्या तापमानाला तो पडून राहिला, की एश्चेरिकियासारखे ऑक्सिजन सहन करणारे जिवाणू वाढू लागतात आणि ऑक्सिजन न सोसणारे मरतात. मग आलेखात दिसणारा फरक आजाराचा नसून प्रवासाला लागलेल्या वेळेचा असू शकतो. नमुना आधी नीट ढवळून एकजीव करा, कारण बाहेरच्या थरातली आणि आतली वस्ती सारखी नसते. मग साधारण २०० मिलिग्रॅमचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकाच नळीतला नमुना वारंवार वितळवून गोठवायची वेळ येऊ देऊ नका. लगेच गोठवणं शक्य नसेल तर ९५ टक्के इथेनॉल चालतं. ७० टक्के इथेनॉल मात्र चालत नाही, त्याने नमुना टिकत नाही. आणि त्याच नमुन्यातून पुढे जिवाणू वाढवायचे असतील तर इथेनॉलचा उपयोग नाही. तो भाग ऑक्सिजनविरहित ग्लिसरॉलमध्ये वेगळा गोठवावा लागतो. म्हणून कोणत्या चाचणीसाठी किती भाग लागणार, हे नमुना हातात येण्याआधीच लिहून ठेवा.

नमुन्यासोबतची माहितीही तितकीच मोलाची. वय, आहार, गेल्या काही महिन्यांतली अँटिबायोटिक्स, चालू असलेली सगळी औषधं आणि मल किती घट्ट ते सांगणाऱ्या ब्रिस्टल मापनपट्टीवरचा १ ते ७ मधला प्रकार नोंदवा. मल पातळ की घट्ट, म्हणजे तो आतड्यातून किती वेगाने सरकला, याचा जिवाणूंच्या रचनेवर मोठा परिणाम होतो. औषधांकडे दुर्लक्ष केल्याची शिकवण देणारं उदाहरण मधुमेहाचं आहे. टाइप २ मधुमेहाची म्हणून सांगितलेली जिवाणूंची खूण बऱ्याच अंशी मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची होती, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. रुग्ण गोळी घेत होते, निरोगी गट घेत नव्हता.

डीएनए काढताना सर्वांत जास्त चुका पेशी फोडण्यात होतात. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत जाड असते. फक्त रसायनांवर किंवा एन्झाइमवर अवलंबून राहिलात, तर त्यातले बरेच फुटतच नाहीत. मग पातळ भिंतीचे बॅक्टेरॉइड्स प्रत्यक्षापेक्षा जास्त आणि जाड भिंतीचे बिफिडोबॅक्टेरियम कमी दिसतात. उपाय म्हणजे बीड बीटिंग, म्हणजे ०.१ मिलिमीटर मण्यांसोबत नमुना जोरात हलवून पेशी फोडणं. थोडा वेळ चालवा, बर्फावर ठेवा, पुन्हा चालवा. मात्र त्याचा अतिरेक झाला तर डीएनएचे तुकडे होतात. छोट्या रीड्ससाठी ते खपतं, लांब रीड्ससाठी खपत नाही. अभ्यास सुरू झाल्यावर किट बदलू नका. आणि रुग्णांचे सगळे नमुने सोमवारी, निरोगी गटाचे मंगळवारी, असं कधीच करू नका. प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गट मिसळून ठेवा. डीएनए मोजायला क्यूबिट हे उपकरण वापरा, ते फक्त डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजतं. प्रकाशशोषणावर चालणारा नॅनोड्रॉप आरएनए आणि उरलेली रसायनंही मोजतो आणि खोटा मोठा आकडा देतो.

आता ब्लँक. यावर थोडं थांबायला हवं, कारण नवखी माणसं पैसे वाचवायला नेमके हेच वगळतात. किटमधल्या रसायनांत आणि पाण्यातही जिवाणूंचा डीएनए असतो, हे २०१४ मध्ये सविस्तर दाखवलं गेलं. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम, मिथायलोबॅक्टेरियम ही नेहमी आढळणारी नावं. विष्ठेत एकूण जिवाणू अफाट असल्यामुळे हा डीएनए त्यात बुडून जातो. त्वचा, फुप्फुस, ऊती अशा कमी जिवाणू असलेल्या नमुन्यांत मात्र तोच मुख्य निकाल बनून बसतो. नाळेत स्वतःचा मायक्रोबायोम असल्याचा दावा २०१४ मध्ये झाला होता. २०१९ मध्ये काटेकोर कंट्रोल्स लावून शेकडो नाळा तपासल्या, तेव्हा जवळपास सगळे संकेत दूषणाचे किंवा प्रसूतीच्या वेळी लागलेल्या जिवाणूंचे निघाले. त्यामुळे डीएनए काढण्याच्या प्रत्येक बॅचला एक ब्लँक, पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या टप्प्याला) एक, आणि स्वॅब वापरत असाल तर हवेत उघडून तसाच बंद केलेला एक, इतकं तरी हवंच. तेही सिक्वेन्स करा. जेलवर डीएनएची पट्टी दिसली नाही म्हणून ब्लँक स्वच्छ ठरत नाही.

सोबत मॉक कम्युनिटी चालवा, म्हणजे ठाऊक प्रमाणात मिसळलेले जिवाणू. ती दोन रूपांत मिळते. अख्ख्या पेशींचं रूप पेशी फोडण्यापासून पुढचं सगळं तपासतं, तयार डीएनएचं रूप फक्त पीसीआरपासून पुढचं. दोन्ही वापरलीत तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे लगेच कळतं.

जिवाणू ओळखायला वापरतात ते १६एस जनुक डीएनएच्या सुमारे १५०० अक्षरांचं आणि त्यात नऊ बदलते भाग, व्ही१ ते व्ही९. छोट्या रीड्समध्ये ते पूर्ण मावत नाही, म्हणून एक-दोन भाग निवडावे लागतात. इथे साधी वजाबाकी न केल्याने पूर्ण रन वाया जाते. व्ही३-व्ही४ चा तुकडा सुमारे ४६० अक्षरांचा असतो. २५० अक्षरांच्या दोन रीड्स घेतल्या तर मधे फक्त ४० अक्षरं एकमेकांवर येतात. शेवटची खराब अक्षरं छाटली की तीही उरत नाहीत आणि जोड्या जुळतच नाहीत. व्ही४ एकटा घेतलात तर तो सुमारे २५० अक्षरांचा, दोन्ही रीड्स जवळजवळ पूर्ण एकमेकांवर बसतात. सुरुवात त्यानेच करा. पीसीआरची आवर्तनं २५ वर ठेवा, ३० च्या वर जाऊ नका. जास्त आवर्तनांनी दोन जिवाणूंचे तुकडे जोडलेले बनावट क्रम, म्हणजे कायमेरा, वाढतात आणि ब्लँकही उजळतात. पट्टीच आली नाही तर डीएनए दहापट विरळ करून पाहा. विरळ केल्यावर आली, तर पित्तक्षारांसारखं काहीतरी पीसीआर अडवत होतं.

एका जनुकाऐवजी नमुन्यातला सगळाच डीएनए वाचणाऱ्या शॉटगन सिक्वेन्सिंगमध्ये माणसाचा डीएनएही वाचला जातो. ते रीड्स काढल्याशिवाय डेटा सार्वजनिक भांडारात टाकू नका. ही संमती दिलेल्या माणसाप्रति तुमची जबाबदारी आहे.

विश्लेषणासाठी आर ही संगणकभाषा आणि कमांड लाइन शिका, डाडा२ किंवा क्यूआयआयएमई२ (QIIME 2) या सॉफ्टवेअरपैकी एक नीट समजून घ्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाती येतात ती प्रमाणं असतात, संख्या नव्हे. समजा अ जातीचे १०० आणि ब जातीचे ९०० जिवाणू आहेत. औषधाने ब घटून १०० झाले. अ जागच्या जागी, तरी तो १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलेला दिसेल. ‘अ वाढला’ असं लिहायचं असेल तर क्यूपीसीआर (प्रती मोजणारा पीसीआर) किंवा फ्लो सायटोमेट्रीने (पेशी एकेक मोजण्याच्या तंत्राने) एकूण संख्या मोजा. शिवाय १६एस च्या प्रती सगळ्यांत सारख्या नसतात, ई. कोलायमध्ये सात असतात. म्हणजे प्रमाणंसुद्धा पेशींची नव्हेत.

उंदरांवर काम करणार असाल तर मोजणीचं एकक पिंजरा आहे, उंदीर नाही. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जिवाणू सारखे होत जातात. दोन पिंजऱ्यांत पाच-पाच उंदीर म्हणजे नमुनासंख्या दोन. संख्याशास्त्रज्ञाला प्रयोगाआधी भेटा.

सहसंबंधाच्या पुढे जायचं तर जिवाणू वाढवावे लागतात. अ‍ॅनेरोबिक चेंबरमध्ये, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या बंद पेटीत, वाढीचं माध्यम आदल्या दिवशीच ठेवा, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जाईल. ऑक्सिजन असल्याचं दाखवणारा रंग, रेझाझुरिन, गुलाबी दिसत असेल तोवर थांबा. आतड्यातला फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय उघड्या हवेत काही मिनिटांत मरतो. कार्यकारणसंबंध दाखवणं शक्य आहे, याचा भक्कम पुरावा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूच्या आतड्यातल्या संसर्गाचा आहे. २०१३ च्या चाचणीत निरोगी दात्याची विष्ठा दिलेल्या १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले, व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. असा प्रयोग नसेल तिथे ‘आजारामुळे’ किंवा ‘जिवाणूंमुळे’ हे शब्द शोधनिबंधात येऊ देऊ नका.

सरावासाठी एक छोटी रन आखा. मॉकची दोन्ही रूपं, तीन ब्लँक, आणि एकाच विष्ठेचे तीन भाग वेगवेगळ्या दिवशी काढलेले. पेशींच्या मॉकमध्ये ग्रॅम-पॉझिटिव्ह कमी आले आणि डीएनएच्या मॉकमध्ये बरोबर आले, तर बीड बीटिंग वाढवा. दोन्हींत तोच जिवाणू कमी, तर प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) तपासा. ब्लँकमध्ये तुमच्याच मॉकची नावं दिसली, तर दूषण किटमधून आलेलं नाही, ते तुमच्या पिपेटमधून किंवा प्लेटमधल्या शेजारच्या खळग्यातून आलं आहे. आणि तीन दिवसांचे तीन भाग एकमेकांजवळ बसेपर्यंत रुग्णांचे नमुने फ्रीझरमधून बाहेर काढू नका.